मुतखडा कोणी काढायचा?



मागच्या वेळी आपण रुग्णालय या संस्थेविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, पुढचा विषय काय? मी म्हटलं, मूत्रविकार. सगळे हसले. हे हसू मला अपेक्षितच होतं. लहानपणी शाळेत आपण करंगळी वर करून 'एकीला जाऊ का' असं विचारायचो. त्या वयापासून या गोष्टीला आपण सरळ नावाने हाक मारत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया झालेला माणूस चारचौघांत शर्टाचं बटण सैल करून व्रण दाखवतो. प्रोस्टेटची झालेला म्हणतो, 'जरा पोटाचं काम होतं.'

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा उपचार सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि कुळथाचं पाणी प्यावं की पाषाणभेदाचं पान चावावं यावर मी बोलणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या वैद्यकशाखेचा इतिहास बहुतेक वेळा हत्यारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली दुर्बीण आली, तमुक साली लेझर आला. मला तो हातांचा इतिहास म्हणून सांगायचा आहे. हे काम कोणाचं? ते कोणी करायचं, कोणी करायचं नाही, आणि हे ठरवतं कोण?

सुरुवात ग्रीसपासून करू. हिपोक्रेटिसच्या नावाने जी शपथ ओळखली जाते, ती आपण सगळे ऐकून आहोत. तिच्यात एक चमत्कारिक कलम आहे. शपथ घेणारा वैद्य म्हणतो की मी शस्त्र चालवणार नाही, मुतखड्याने पीडलेल्यांवरसुद्धा नाही. ते काम ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांच्यावर मी सोडेन. सगळ्या रोगांमधून नाव घेतलं ते मुतखड्याचं!

याचा अर्थ काय लावायचा? विद्वानांमध्ये यावर बराच खल झालेला आहे. एक अर्थ नम्रतेचा. जे मला येत नाही, ते ज्याला येतं त्याच्याकडे पाठवीन. दुसरा अर्थ तुच्छतेचा. मी विचार करणारा माणूस, हात रक्ताने भरवणं हे कारागिराचं काम. मला वाटतं दोन्ही अर्थ त्या एका वाक्यात आहेत, आणि आजच्या प्रत्येक 'स्पेशालिटी'तही ते दोन्ही शिल्लक आहेत. आजचं सगळं बोलणं या दोन अर्थांभोवती फिरणार आहे.

आपल्याकडे सुश्रुताने काय केलं पाहा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीवर, म्हणजे मुतखड्यावर, स्वतंत्र अध्याय आहे. शिवण सोडून डाव्या बाजूला, जवाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून छेद घ्यायचा. खडा फुटू द्यायचा नाही, त्याचा कणही मागे ठेवायचा नाही, कारण कण राहिला तर तो पुन्हा वाढतो. हे सगळं बारकाईने सांगितलं आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं. सुश्रुत म्हणतो, काही केलं नाही तर मृत्यू नक्की आहे, केलं तर संशय आहे, म्हणून राजाला विचारून मगच हे काम करावं. म्हणजे शस्त्र चालवणाऱ्याच्या हाताला परवानगी हवी. आज आपण संमतिपत्रावर सही करतो. तेव्हा रुग्णाच्या सहीऐवजी राजाची अनुज्ञा होती, एवढाच फरक. 'एवढाच' म्हणालो खरा, पण तो फरक लहान नाही. त्याकडे शेवटी येऊ.

आता युरोपात जाऊ. मध्ययुगात आणि त्यानंतरही बराच काळ खडे काढणारे लोक गावोगाव फिरत. जत्रेत यायचे, खडा काढायचे, आणि जखम चिघळायच्या आत पुढच्या गावाला गेलेले असायचे. इंग्लंडमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ होता. १५४० साली तो अधिकृत झाला आणि १७४५ साली दोघे वेगळे झाले. आजही इंग्लंडातला सर्जन स्वतःला 'डॉक्टर' न म्हणवता 'मिस्टर' म्हणवून घेतो, त्याचं मूळ या जुन्या पंक्तिभेदात आहे. ज्याचा पूर्वी कमीपणा वाटायचा, तीच गोष्ट पुढे मानाची झाली.

या काळात रुग्णाचं काय होत होतं? दोन माणसं सांगतो. पहिला सॅम्युअल पेपिस, प्रसिद्ध रोजनिशीकार. २६ मार्च १६५८ रोजी लंडनमध्ये त्याचा खडा काढला. भूल नाही, जंतुनाशक नाही, बांधून ठेवलेला पंचविशीतला तरुण. तो वाचला. पुढे वर्षानुवर्षे तो २६ मार्चला मेजवानी देत असे, आणि चेंडूएवढा तो खडा त्याने खास डबी करवून जपून ठेवला होता. आपल्याकडे एखाद्या संकटातून सुटल्यावर सत्यनारायण घालतात ना, तसंच म्हणा.

दुसरा ॲमस्टरडॅमचा लोहार, यान दे डोट. १६५१ साली त्याने स्वतःचा खडा स्वतःच काढला. आधी दोनदा इतरांकडून शस्त्रक्रिया झाली होती, तिसऱ्यांदा कोणाच्या हाती जायची त्याची तयारी नव्हती. बायकोला काहीतरी निमित्त काढून मासळीबाजारात पाठवलं, भावाला मदतीला घेतलं आणि स्वतः सुरी चालवली. कोंबडीच्या अंड्याहून मोठा खडा निघाला. रेम्ब्रांच्या चित्रात शरीररचना शिकवणारे जे डॉक्टर टुल्प आहेत, त्यांनीच ही हकिकत नोंदवली आहे. या लोहाराचंही चित्र आहे, १६५५ सालचं. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात खडा.

हे चित्र पाहून लोक त्याच्या धैर्याची वाहवा करतात. मला त्यात दुसरंच काही दिसतं. ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्यावरचा विश्वास पूर्ण उडाला की माणूस काय करतो, ते दिसतं.

मग अठराव्या शतकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात विल्यम चेझल्डन आला. बाजूने छेद घ्यायची पद्धत त्याने इतकी सफाईने बसवली की काम मिनिटाभरात आटपे. भूल नसताना वेग हीच दया होती. पण त्याची खरी थोरवी मला दुसऱ्या गोष्टीत वाटते. त्याने हिशेब ठेवला. २१३ रुग्ण, त्यांतले २० दगावले. फिरता वैद्य हा आकडा कधीच देऊ शकला नसता, कारण तो पुढच्या गावाला गेलेला असे. एका जागी राहणं, मोजणं आणि उत्तर देणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की कारागिरीचा व्यवसाय होतो.

मोजण्यावरून एक तात्त्विक भांडण झालं, ते सांगायलाच हवं. १८२४ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयाशी निगडित असलेल्या झां सिव्हियालने पोटाला किंवा शिवणीला छेद न देता, मूत्रमार्गातूनच हत्यार घालून खडा आतल्या आत फोडला. पुढे त्याने युरोपभरातून आकडे गोळा केले. जुन्या पद्धतीत शंभरामागे जवळजवळ एकोणीस माणसं मरतात, नव्या पद्धतीत दोन-तीन. आकडे बोलके होते. पण १८३५ साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीसमोर हा प्रश्न आला, आणि त्या समितीत पॉइसाँसारखा गणितज्ञ होता. समितीच्या अहवालाचा एक मुद्दा असा होता की संख्याशास्त्रात माणूस एकटा म्हणून उरत नाही, तो समूहाचा एक अपूर्णांक होतो. वैद्यकाला मात्र समोरचा एकच माणूस बरा करायचा असतो.

मंडळी, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. शंभरातले दोन मरतात हे मला कळलं, पण मी शून्य पूर्णांक शून्य दोन मरणार नाही. मी मरेन तर पूर्ण मरेन. आणि तरीही सिव्हियालचे आकडे नसते तर कोणत्या हाताखाली झोपायचं हे मी कशावरून ठरवलं असतं?

आता हिंदुस्थानात येऊ. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे मूत्राशयाचे खडे मोठ्या प्रमाणावर होते, आणि ते गरिबांच्या लहान मुलांमध्ये फार आढळत. धान्यावर भर, दूधदुभतं कमी, अशा आहाराशी त्याचा संबंध आहे हे पुढे लक्षात आलं. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्कॅरिसनने उंदरांना वेगवेगळे आहार देऊन यावर प्रयोग केले. दरम्यान १८७८ साली बॉस्टनच्या बिगेलोने दाखवलं की रुग्णाला भूल देऊन एकाच बैठकीत खडा फोडून त्याचा सगळा चुरा धुऊन काढता येतो. ही पद्धत प्रौढांसाठी ठीक, पण लहान मुलाच्या मूत्रमार्गात हत्यार जाणार कसं? युरोपातल्या जाणकारांना ते अशक्य वाटत होतं. ते करून दाखवलं इंदूरला, होळकरांच्या राजधानीत, रेसिडेन्सी सर्जन डेनिस कीगन याने. बारीक हत्यारं वापरून त्याने लहान मुलांवर या शस्त्रक्रिया केल्या. संयुक्त प्रांतात पीटर फ्रेयर हा आयरिश डॉक्टर हेच काम करत होता. तो पुढे लंडनला परतला आणि १९०० पासून प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध झाला.

इथे थोडं थांबू. हे लोक लंडन-पॅरिसच्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा तरबेज का झाले? कारण काम इथे होतं. रोगी इथे होते. हात सरावाने तयार होतो आणि सराव रोग्यांच्या शरीरावर होतो. आपल्या माळव्यातल्या त्या अनाम पोरांच्या अंगावर एक विद्या पक्की झाली. पुस्तकात डॉक्टरचं नाव राहिलं.

याच कीगनने कापलेली नाकं नव्याने बसवण्याच्या भारतीय पद्धतीवरही पुस्तक लिहिलं. ती पद्धत युरोपला कळली १७९४ साली, पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेच्या वृत्तान्तावरून. ती करणारा माणूस विटा भाजणाऱ्यांच्या जातीचा होता, असं त्यात म्हटलं आहे. त्याचं नाव मात्र वृत्तान्तात नाही. कपाळाची कातडी वळवून नाक घडवणारा तो हात पिढीजात विद्येचा होता, आणि आपल्या समाजाने त्याला विद्वान म्हटलं नाही. हिपोक्रेटिसच्या वाक्यातला तुच्छतेचा अर्थ आपल्याला परका नव्हता.

यानंतर ही शाखा वेगळी झाली. १८७७ साली माक्स निट्झेने मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण दाखवली, आणि आत 'पाहू शकणारा' आणि 'न पाहू शकणारा' असे दोन वर्ग पडले. १८९० साली पॅरिसमध्ये फेलिक्स ग्युयाँ याला या विषयाचं पहिलं अध्यासन मिळालं. अमेरिकेत १९०२ साली संघटना झाली, १९३५ साली परीक्षा घेणारं मंडळ. आपल्याकडे १९६१ साली यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. आज आपल्याकडे यूरॉलॉजिस्ट व्हायचं तर एमबीबीएस, मग सर्जरीची तीन वर्षं, मग एमसीएचची तीन वर्षं. अकरा-बारा वर्षं सरळ जातात. तोवर मुलगा तिशी ओलांडतो.

मी 'मुलगा' म्हणालो. सवयीने म्हणालो, पण ती सवयही इतिहासाचाच भाग आहे. अमेरिकेसारख्या देशात या शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यता मिळवणारी पहिली स्त्री १९६२ साली झाली, एलिझाबेथ पिकेट. आजही तिथे काम करणाऱ्यांत स्त्रिया साधारण दहात एक आहेत. जणू लघवीचा त्रास फक्त पुरुषांना होतो! आपल्याकडच्या किती बायका शिंकताना-खोकताना होणारा त्रास वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत, लग्नाकार्याला जाणं सोडतात, प्रवासात पाणी पीत नाहीत. मुंबईत स्त्री-संघटनांना स्वच्छतागृहांसाठी 'राइट टू पी' नावाची मोहीम चालवावी लागली. ज्या गोष्टीला नाव घेऊन हाक मारता येत नाही, तिच्यासाठी मागणीही करता येत नाही.

तंत्र आता झपाट्याने पुढे गेलं. १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीला लहानसं भोक पाडून मूत्रपिंडातला खडा काढला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिकमध्ये बाहेरूनच तरंगांचे धक्के देऊन खडा फोडला, आणि ते यंत्र बनवलं होतं विमानं बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीने. २००० नंतर यंत्रमानवाचे हात आले. हात रुग्णापासून दूर दूर सरकत गेला. वेदना कमी झाल्या, माणसं वाचू लागली. याबद्दल कृतज्ञ नसणारा माणूस कृतघ्नच म्हणायला हवा.

पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. यंत्र जिथे असेल तिथेच डॉक्टर राहतो, आणि यंत्र शहरात असतं. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा निम्म्याहून जास्त परगण्यांमध्ये एकही यूरॉलॉजिस्ट नाही, आणि जे आहेत त्यांतले बरेच साठी-पासष्टीच्या पुढचे. म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांना बघणारेही म्हातारे होत आहेत. आपल्याकडचं चित्र सांगायला मला आकड्यांची गरज नाही.

माझ्या वडिलांची लघवी तुंबली तेव्हा मी कॉलेजात होतो. बैलगाडीने फाट्यापर्यंत, तिथून एसटीने जिल्ह्याच्या गावाला. पोटातून नळी काढली, मग काही आठवड्यांनी प्रोस्टेटची उघडी शस्त्रक्रिया. ती केली जनरल सर्जनने, जो सकाळी हर्निया आणि दुपारी मोडलेलं हाडही बघायचा. महिन्याहून जास्त काळ आम्ही तिथे होतो. वडील बरे झाले.

पन्नास वर्षांनी तीच वेळ माझ्यावर आली. मी शहरात राहतो, पण त्या रात्री नेमका गावी होतो. ज्याला हा त्रास झाला नाही त्याला मी तो सांगू शकत नाही. जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथले तरुण डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, 'सर, हे यूरॉलॉजीचं काम आहे, शहरात न्या. मी नळी घातली आणि काही झालं तर?' शहर चार तासांवर. शेवटी तिथे बऱ्याच वर्षांपासून असलेली एक सिस्टर पुढे आली. 'साहेब, तुम्ही उभे राहा, मी घालते,' म्हणाली. पाच मिनिटांत मला माझं आयुष्य परत मिळालं. पुढे शहरात दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी घरी आलो. बिलावर सर्जनचं नाव होतं. त्या सिस्टरचं नाव कुठल्याच कागदावर नाही. विटा भाजणाऱ्या त्या माणसासारखंच.

त्या तरुण डॉक्टरांवर मी रागावलो नाही. ते हिपोक्रेटिसचं वाक्यच म्हणत होते, 'ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांच्यावर सोडतो.' नम्रता होती, भीती होती, कोर्टकचेरीचा विचारही असेल. पण नम्रतेचंही एक टोक असतं, जिथून पुढे ती रुग्णाला वाऱ्यावर सोडते. अवघड काम तज्ज्ञाने करावं हे बरोबर. पण पहिली सोडवणूक करण्याइतकी विद्या सगळ्यांकडे असली पाहिजे, आणि ती करणाऱ्या हाताला समाजाने अधिकारही दिला पाहिजे आणि मानही.

आता सुश्रुताच्या राजाकडे परत येतो. परवानगी कोणाची?

१९८०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन या छोट्या राज्यात पाहणी केली. एका भागात थोड्याच पुरुषांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होत होती, दुसऱ्या भागात कितीतरी जास्त जणांची. माणसं तीच, हवापाणी तेच. फरक होता तो त्या त्या गावच्या डॉक्टरच्या मताचा! म्हणजे तुमच्यावर सुरी चालणार की नाही हे तुमच्या आजारापेक्षा तुमच्या पत्त्यावरून ठरत होतं. यातून एक शहाणपणाची गोष्ट निघाली. डॉक्टरांनी रुग्णाला विचारायला सुरुवात केली. १९९२ साली एक प्रश्नावली तयार झाली. रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे, जोर करावा लागतो का, असे सात प्रश्न. त्यांचे गुण पस्तीस. आज प्रोस्टेटच्या बहुतेक रुग्णांना ती भरावी लागते. इथे बसलेल्यांपैकी काहींनी भरली असेल, हात वर करायला सांगत नाही.

त्या सात प्रश्नांच्या पुढे पुढे एक आठवा प्रश्नही जोडला गेला. तो असा की, उरलेलं आयुष्य आत्ता आहे तसंच काढावं लागलं, तर तुम्हाला कसं वाटेल?

मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. चांगलं आयुष्य म्हणजे काय यावर ॲरिस्टॉटलपासून किती पानं वाचून दाखवली असतील. पण दवाखान्याच्या बाकावर, हातात बॉलपेन आणि मांडीवर तो छापील कागद घेऊन, हा प्रश्न पहिल्यांदाच मला कोणीतरी थेट विचारला. समितीच्या अहवालातला अपूर्णांक तिथे परत एक माणूस झाला. राजाच्या जागी मला बसवलं गेलं.

मी काय उत्तर दिलं ते सांगत नाही. पण एवढं सांगतो, की घरी जाऊन बायकोशी, मुलाशी त्याविषयी मोकळेपणाने बोललो, आणि 'पोटाचं काम' असं म्हणालो नाही. तुमच्याही घरात कोणीतरी रात्री चार-पाचदा उठत असेल. त्याला किंवा तिला हा आठवा प्रश्न विचारा. उत्तर ऐकून घ्या. मग डॉक्टरकडे जा.